आम्ही की आपण

शनिवार, ७ जून २००३

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या मनगटावर, म्हणजे कोल्हापुरात, रात्रीचे अकरा वाजून दहा. दोन्ही वेळा लिहून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की असं बोलणंच झालं नव्हतं.

ठिकाण: सॅन फ्रान्सिस्को, गोल्डन गेट पुलाच्या अलीकडे गाड्या थांबवून फोटो काढायची जागा. उपस्थित: मी, माझे पती सोमशेखर, मुलगा अमरेश, सून सुष्मिता आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांची शांभवी. धुकं इतकं की पुलाचे दोन खांब तेवढे वर दिसत होते. रंग जोतिबाच्या गुलालात हळद सांडावी तसा. बाकी पूल असल्याचं आम्ही विश्वासावर घेतलं. अमरेश म्हणाला, थांबू, धुकं निघेल. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत, अठ्ठावीस तारखेच्या आत एखाद्या दिवशी निघेलच. अठ्ठावीसला आमची परतीची तिकिटं आहेत.

तेव्हा सोमशेखर पुलाकडे बघत म्हणाले, "अठ्ठावीसला न्हाय जायाचं. आम्ही ठरवलंय. दसऱ्यापातूर ऱ्हायाचं."

(बोलताना मी त्यांचं नाव घेत नाही. वही माझी आहे, वहीत घेते.)

राहायचं की नाही हा पुढचा मुद्दा. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. आम्ही. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी बोलताना 'आपण' म्हणत आला. आपण जेवू या, आपण अमरेशला शिकवू या. 'आम्ही' म्हणजे ते आणि अमरेश, आणि मी बाहेर. चौथीत असताना मी कॉन्व्हेंटच्या सिस्टरना विचारलं होतं की 'वुई आर गोइंग'चं मराठी करताना 'आम्ही' लिहू की 'आपण'. त्या म्हणाल्या, इंग्रजीत फरक नसतो. तेव्हापासून त्या भाषेबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, जरी तिच्यावरच मला नोकरी मिळाली. मराठीत फरक असतो. आणि तो माझ्या तोंडावर, परदेशात, वाऱ्यात उभं करून मला दाखवण्यात आला.

सुष्मिताने फोटो काढला. त्यात पूल नाही.

रविवार, ८ जून

अमरेशला विचारलं, माझा पासपोर्ट कुठे आहे. म्हणाला, बँकेच्या लॉकरमध्ये, आई, काळजी करू नकोस. मला काळजी नाही, पासपोर्ट हवा आहे. हे वाक्य मी दोनदा म्हटलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

कारण उघड आहे. सुष्मिताची नोकरी सुरू झाली की पोरीला सांभाळायला घरचं माणूस हवं. एकतीस वर्षं कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून, मुख्य पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेली बाई आया म्हणून बरी. शांभवी गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

मंगळवार, १० जून

विमान कंपनीला फोन केला. घरात कोणी नव्हतं, सोमशेखर 'जरा बाहेर' गेले होते. ते हल्ली रोज जरा बाहेर असतात.

आधी यंत्राने सांगितलं, एक दाबा, मग चार दाबा. यंत्राशी माझं भांडण नाही, आम्ही दोघी एकाच व्यवसायातल्या. मग एक मुलगी आली. मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, सॉरी मॅम? पुन्हा सांगितलं. पुन्हा सॉरी मॅम. तिसऱ्यांदा मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मुंबईचे अधिकारी ट्रंक कॉलवर मला सांगायचे, बाई, तुमच्यासारखं इंग्रजी आमच्याकडे ऐकायला मिळत नाही. या मुलीलाही ते कधी मिळालं नसावं.

शेवटी कळलं ते असं. आमच्या दोन्ही तिकिटांची तारीख दोन जूनलाच बदलली आहे. म्हणजे पुलावर जे 'ठरवलंय' होतं ते पाच दिवस शिळं होतं. अठ्ठावीसच्या विमानात अजून जागा आहेत. पुन्हा तारीख बदलायची तर गुरुवार २६ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं. नंतर काही करता येणार नाही. मी तिचं नाव आणि वेळ लिहून घेतली.

शनिवार, १४ जून

आज बेटावरचा तुरुंग. माणसाला कोंडून ठेवलेलं असताना विरंगुळा म्हणून तुरुंग दाखवायला न्यावं, ही कल्पना माझ्या मुलाचीच असू शकते.

बोटीतून जाताना सुष्मिताला मळमळलं. मी पिशवीतला आलेपाक दिला. ती थँक्यू आई म्हणाली. घरात आपसात थँक्यू कसलं.

आत गेल्यावर प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावतात आणि त्यातला माणूस सांगेल तसं फिरायचं. डावीकडे वळा, आता थांबा, वर बघा. सात वर्षांनी कानावर ते वजन आलं आणि मी आपोआप ताठ उभी राहिले. आवाज म्हणाला, वारा इकडचा असला की पलीकडच्या शहरातलं हसणं-बोलणं इथल्या कैद्यांना ऐकू यायचं. मी त्या खिडकीशी जरा जास्त वेळ थांबले. मागच्या बाईने सॉरी म्हणून ढकललं.

सोमशेखरनी हेडफोन पाच मिनिटांत गळ्यात टाकला आणि दारावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा सुरू केल्या. त्यांचं इंग्रजी म्हणजे मराठीतच मधेमधे 'यू नो'. पहारेकरी मान डोलावत होता. मग ते एका कोठडीत शिरले, वितीने भिंत मोजली आणि म्हणाले, "माझ्या माडीवरच्या खोलीएवढी हाय की."

अमरेश हसला. हे मला लागलं. ती खोली दहा बाय आठची आहे आणि तिला खिडकी आहे. ते घोरतात, म्हणून मीच ती त्यांना करून दिली. पंखा आहे, रेडिओ आहे. आणखी काय हवं असतं माणसाला?

परतताना धक्क्यावर ते मोठाले पाणसिंह बघितले. फळ्यांवर एकावर एक पडून ओरडत असतात, आणि वास असा की नाकाला पदर. सोमशेखर म्हणाले, मार्केट यार्डात गाडी उतरवून झाल्यावर हमाल असेच पडायचे. अर्धा तास हलले नाहीत. त्यांची गुळाची अडत सत्त्याण्णव साली बंद झाली, तरी प्रत्येक गोष्ट त्यांना तिथलीच आठवते.

मंगळवार, १७ जून

हे लिहू की नको, विचार करत होते. लिहिते.

चार वाजता एकटीच बाहेर पडले. कोणाला विचारायचं कशाला, मी काही लहान नाही. अमरेशचं घर डेली सिटीत आहे, समुद्राच्या बाजूच्या चढावर. सगळी घरं एका साच्यातली, खोक्याला खोकं लावून ठेवलेली. वारणानगरच्या कामगार वसाहतीची आठवण यावी. पण तिथे दारात कोणीतरी लसूण सोलत बसलेलं असतं. इथे दारात कोणी नाही. गाड्या आहेत.

मी घराचा नंबर पाठ केला होता, दोनशे एक्केचाळीस. नंबर मी विसरत नाही. नगराध्यक्षांचा, सिव्हिल सर्जनचा, साखर कारखान्याच्या तिन्ही लाइनींचा नंबर आजही झोपेतून उठवून विचारा. पण एक्स्चेंजमध्ये रस्त्याचं नाव लागत नाही. रस्त्याचं नाव मी कधी बघितलंच नव्हतं.

वीस मिनिटांनी परत आले आणि दोनशे एक्केचाळीसची बेल वाजवली. दार भलत्याच बाईने उघडलं. माझ्याएवढीच असेल, ठेंगणी, फिलिपीन्सकडची. मी माझ्या शुद्ध इंग्रजीत सांगितलं की मी माझ्या पुत्रासमवेत वास्तव्यास आहे. ती बघतच राहिली. मग माझ्या साडीकडे बघून एकदम तिचा चेहरा उजळला. म्हणाली, सोमची बायको?

सोम. चाळीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नाही, आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाईने त्यांचं अर्धं करून वापरायलाही घेतलं.

तिने मला आत बसवलं. स्वयंपाकघरात बरणीत गूळ होता. आपला. येताना मी एक किलोचे चार रवे, म्हणजे छोट्या ढेपा, बांधून घेतले होते, सुनेसाठी. त्यातला एक मला संपलेला दिसला होता आणि मी सुष्मिताला त्याबद्दल टोकलंही होतं. तो या गल्लीत वाटला गेला आहे. बसच्या ड्रायव्हरलाही मिळाला आहे. ती बाई कॉफीत घालते.

पुढे ती जे म्हणाली ते मी मराठीत उतरवते: सोम सांगतो, त्याची बायको फार मोठी साहेब होती. अख्ख्या जिल्ह्यात कोणाला कोणाशी बोलायचं असलं तर तिच्या हातातून जावं लागायचं. पूर आला तेव्हा दोन दिवस खुर्चीवरून उठली नाही. सोम डबा घेऊन गेला तर म्हणाली, लाइन बिझी आहे.

घरातल्या गोष्टी रस्त्यावर सांगायची ही कोणती पद्धत? मला तो डबा आठवतही नाही.

तिनेच हाताला धरून पलीकडच्या रस्त्यावर, आमच्या दाराशी आणून सोडलं. अंतर ऐंशी पावलं. सोमशेखर पायरीवर बसले होते. म्हणाले, चहा ठेवतो.

गुरुवार, १९ जून

संध्याकाळी सहाला, म्हणजे तिथल्या सकाळी साडेसहाला, धोंडुबाईला फोन लावला. आमच्याकडे बावीस वर्षं काम करते. घराची किल्ली तिच्याकडे आहे, झाडांना पाणी घालते. आधी फोनच्या कार्डावरचे चौदा आकडे, मग देशाचा नंबर, मग गावाचा. एका दमात लावले.

धोंडुबाई म्हणाली, "वैनी, किल्ली न्हाय माझ्याकडं. मालकांचा फोन आलता. जोतीराम आण्णास्नी द्या म्हनाले. तेंची लेक-जावई येनार हायत की ऱ्हायला, एक तारखेपासनं. वरीसभर. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

जोतीराम हा सोमशेखरचा अडतीतला मुनीम. चांगला माणूस आहे, मी त्याला नेहमी व्हरांड्यात खुर्ची देते. त्याची लेक माझ्या हॉलमध्ये, माझ्या कपाटापाशी.

धोंडुबाईला म्हटलं, मला ठाऊक होतं, आठवण करून देत होते. मग विचारलं, गुलाब कसे आहेत. तिने सांगितलं, पण मला ऐकू आलं नाही. लाइन स्वच्छ होती.

तर आता इथे पासपोर्ट नाही आणि तिथे घर नाही. दसरा हे नाव फक्त मला दाखवायला आहे.

शनिवार, २१ जून

दोरखंडावर चालणारी ट्राम. शहरात भर चौकात ती लाकडी फिरत्या पाटावर आणतात आणि दोन माणसं खांद्याने ढकलून तोंड उलटं करतात. सोमशेखर बघूनच वेडे झाले. "घाणा हाय की घाणा," म्हणत राहिले. "बैल तेवढं न्हाईत."

रांगेत तासभर उभे होतो. त्यांना थांबवत नव्हतं. कोणी नकाशा उलटा धरून उभं दिसलं की हे पुढे. कोणती ट्राम कुठे जाते, बेटाची बोट कुठून सुटते, कोणत्या नंबरच्या बसने समुद्र दिसतो, सगळं हातवारे करून. लोक ऐकत होते, आभार मानत होते. एका जर्मन जोडप्याला त्यांनी 'पावणं' म्हणून हाक मारली आणि ती दोघं वळली. मी अमरेशला म्हटलं, तुझ्या वडिलांना हे सगळं कोणी शिकवलं? तो म्हणाला, रोज जातात ना, आई. ट्रामच्या स्टॉपवर. सगळे ओळखतात त्यांना.

मी आत बाकावर बसले. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस बाहेर फळीवर, खांबाला धरून लटकला. मला म्हणाले, ये, धर हितं, समुद्र दिसतोय. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना समुद्र दिसत नाही. ट्राम चढावर चढली, घंटा वाजली आणि एकदम खाली निळं पाणी आणि मधोमध तो तुरुंग. सोमशेखर हसले. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना बघितल्याचं आठवत नाही. वरची कवळी पडेल म्हणून मी पर्स उघडून रुमाल काढून ठेवला.

रविवार, २२ जून

नोकरीत असताना दुसऱ्याचा कॉल ऐकणं हा गुन्हा होता आणि मी त्यासाठी दोन मुलींना मेमो दिला आहे. आज मी तो केला. सकाळी साडेआठ. सोमशेखर वरच्या खोलीतून जोतीरामला फोन करत होते. मी स्वयंपाकघरातला फोन उचलला. बोट हुकावर ठेवून हळू सोडायचं आणि हाताने तोंडाशी झाकायचं, म्हणजे कळत नाही. हे मुलींना मीच शिकवलं असतं तर त्या पकडल्या गेल्या नसत्या.

जसं ऐकलं तसं लिहिते.

सोमशेखर: "हितं चार माणसं नावानं हाक मारत्यात, जोती. तिकडं काय? दुपारचं तीन वाजलं की स्टँडवर जाऊन बसायचं. चंदगडची गाडी आली, गडहिंग्लजची गेली. कुणी पावण्यानं इचारलं तर सांगायचं. सहा वाजलं की घरला. सा वर्सं काढली की तशी."

जोतीराम: "वैनीस्नी सांगितलं व्हतं का कवा?"

सोमशेखर: "तिला वाटतंय लायब्ररीत जातोय. तीन ते सहा तिला घरात आवाज चालत न्हाय. तिचं घर हाय, तिनं कसं ऱ्हायाचं ते तिनं ठरवायचं."

मग जोतीरामने विचारलं, "आन वैनी एकट्याच परत आल्या तर वो?"

आणि इथे माझ्या हाताने फोन ठेवून दिला. तीन मिनिटं झाली होती. ट्रंक कॉलला तीनच मिनिटं मिळायची, एकतीस वर्षं ती झाली की हात आपोआप जातो. उत्तर काय दिलं, मला माहीत नाही. पुन्हा उचलला तेव्हा नुसता टोन येत होता.

लायब्ररीची पावती मी दर वर्षी त्यांच्या नावाने स्वतः करते. सहा वर्षांत त्यांनी एकदाही पुस्तक आणलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुपारी मला आवाज चालत नाही हे मात्र खरं नाही. मला शांतता लागते. दोन्हींत फरक आहे.

मंगळवार, २४ जून

संध्याकाळी अमरेश ऑफिसातून आल्यावर मी टीव्ही बंद केला आणि मध्ये उभी राहिले. म्हटलं, तारीख बदलली दोन जूनला, किल्ली दिली जोतीरामला, आणि मला सांगितलं पुलावर. माझं घर, माझा हॉल, माझं कपाट माझ्या सहीशिवाय दुसऱ्याला राहायला दिलं जातं, आणि मला इथे आया म्हणून डांबलं जातं. मला उत्तर हवं.

सुष्मिता इतके दिवस माझ्यापुढे बोलली नव्हती. ती म्हणाली, "आई, शांभवीचं नाव मी पाळणाघरात मार्चमध्येच घातलंय. सप्टेंबरपासून जाणार आहे ती. तुम्ही राहावं असं मला वाटतं, पण त्यासाठी नाही. आप्पांनी विचारलं, राहू का. मी नाही कशी म्हणू?"

आतून कागद आणून दाखवला. तारीख होती, शिक्का होता. गेले दोन आठवडे माझी सगळी फिर्याद पाळण्यावर उभी होती.

अमरेश उठला आणि माझा पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. लॉकर वगैरे काही नव्हतं, त्याच्या कपाटात होता. "जायचं असेल तर जा, आई. जोतीरामकाकांना सांगतो, घर रिकामं ठेवा. पण आप्पांना ओढून नेऊ नकोस."

एकच पासपोर्ट. हिरव्या प्लॅस्टिकच्या कव्हरात दोन्ही असायचे. त्याने एक काढून आणला होता.

मी सोमशेखरना म्हटलं, तुम्ही बोला. पुलावर बोललात तसं बोला. आम्ही म्हणालात. मला वगळून आम्ही.

ते शांभवीच्या पायातला मोजा नीट करत होते. वर न बघता म्हणाले, "तू कवा म्हणालीस, आपलं घर? मगाधरनं ऐकतोय. माझं घर, माझा हॉल, माझं कपाट. दारावरच्या पाटीवर पण तुझंच नाव हाय, खाली हुद्दा. पोस्टमन मला इचारतोय, बाई हायत का." मग म्हणाले, "माझी तक्रार न्हाय, शांता. तू मोठ्या कामाची व्हतीस. पण मला आता कुठंतरी आमचं म्हनायचं हाय."

अमरेश खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर काही नाही, धुकं आहे.

ही नोंद खरी राहावी म्हणून लिहिते: टीव्ही मीच पुन्हा लावून दिला.

जेवायला सुष्मिताने ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. पीठ कुठून मिळवलं कोण जाणे. वाकड्या होत्या. मी दोन खाल्ल्या.

बुधवार, २५ जून

सकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. माझं, माझी, माझ्या. मोजायला सुरुवात केली आणि चौथ्या पानावर थांबले. एके ठिकाणी 'आम्ही दोघी एकाच व्यवसायातल्या' असं लिहिलंय, ते फोनच्या यंत्राबद्दल.

मग पलीकडच्या गल्लीतल्या त्या बाईचं बोलणं आठवलं. पुराच्या वेळचा डबा. मला तो खरंच आठवत नाही. कोणीतरी टेबलावर डबा ठेवला होता, एवढं आठवतं. कोणी ठेवला हे बघायला मी मान वळवली नसावी. लाइन बिझी होती.

तोंडी बोलायला गेले तर मी पुन्हा भांडेन, हे मला माहीत आहे. म्हणून लेखी देते. पत्र याच वहीत लिहिते आहे आणि वही त्यांच्या उशीवर ठेवणार आहे. त्यांनी मागची पानं वाचली तरी चालतील.

प्रति,
श्री. सोमशेखर पट्टणशेट्टी
मुक्काम डेली सिटी

विषय: दिनांक ७ जून रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वापरलेल्या सर्वनामाबाबत.

दिनांक २२ रोजी मी तुमचा कॉल चोरून ऐकला. त्याबद्दल मी स्वतःला मेमो दिला आहे. जोतीरामने तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, मी एकटी परत आले तर काय. तुमचं उत्तर मला ऐकू आलं नाही. तीन मिनिटं झाली होती. ते उत्तर मला हवं आहे.

तुम्ही स्टँडवर बसता हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. दुपारी तीन ते सहा घरात आवाज केला तर चालेल. जोतीराम आला तर हॉलमध्ये बसेल. पाटीचं गावी गेल्यावर बघता येईल, रंगाऱ्याला मी स्वतः सांगेन, आणि हुद्दा काढला तरी माझी हरकत नाही.

राहायचं की जायचं, दोन्हींना मी तयार आहे. दसऱ्यापर्यंत राहायचं तर ट्रामच्या फळीवर मी चढणार नाही, पण रांगेत तुमच्याबरोबर उभी राहीन. लोकांना बसचे नंबर सांगायचे असतील तर ते मला पाठ करून द्या. नंबर माझ्या लक्षात राहतात. अठ्ठावीसला जायचं तर दुसरा पासपोर्ट कपाटातून काढून माझ्या पासपोर्टाशेजारी ठेवा. जोतीरामच्या लेकीला खालच्या दोन खोल्या देता येतील. एवढ्या जागेत आपलं भागेल.

उत्तर लेखी द्यावं. उद्या, गुरुवार दिनांक २६ जून, संध्याकाळी साडेचार वाजण्याच्या आत, याच वहीत, पुढच्या पानावर. पाच वाजता विमान कंपनीचा फोन बंद होतो. लांबलचक लिहू नये, तुमचं अक्षर मला लागत नाही. मी उत्तराचा पहिला शब्द तेवढा वाचणार आहे. तो 'आम्ही' असेल किंवा 'मी' असेल, तर मी शनिवारी एकटी जाईन आणि पुन्हा विचारणार नाही. सरकारी पत्रात समोरच्या माणसाला मान म्हणून 'आपण' लिहितात. इथे तो अर्थ घेऊ नये. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते दोघांचं धरून लिहावं.

कळावे.
शांतव्वा पट्टणशेट्टी

ता. क. वर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात 'एवढ्या जागेत माझं भागेल' असं लिहिलं गेलं होतं. 'माझं' खोडून 'आपलं' केलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.